महत्त्व थोडक्यात लिहा

अर्जाच्या तिसऱ्या पानावर एक रिकामी चौकट होती. वर छापलेलं होतं, 'वास्तूचे महत्त्व थोडक्यात लिहा', आणि खाली जेमतेम दहा ओळींची जागा. मालकांची नावं, क्षेत्रफळ, बांधकामाचं अंदाजे वर्ष हे सगळं मी एका दमात भरलं होतं. या चौकटीपाशी आले आणि पेन खाली ठेवलं. तीन आठवडे ते तिथंच पडून होतं.

घर आजोबांनी विकत घेतलेलं. आता कागदोपत्री दादाचं, माझं आणि आत्याचं. राहते मात्र एकटी आत्या. पालिकेच्या वारसा यादीत ते जावं ही कल्पना माझी. आत्या म्हणाली, "कर तुला करायचं ते." दादाला ती पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. "एकदा हेरिटेजचा शिक्का बसला, की खिळा ठोकायलाही परवानगी मागत फिरा. विकायचं तर नावच नको." त्याचं म्हणणं खोडून काढायचं म्हणून मी वाचायला लागले. वाचता वाचता कळत गेलं, की त्यातलं निम्मं चुकीचं आहे. उरलेल्या निम्म्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चुकीचं निम्मं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. वारसा दर्जा मिळाला म्हणजे घर सरकारजमा होत नाही. ते विकता येतं, भाड्यानं देता येतं, पुढच्या पिढीच्या नावावर करता येतं. फरक एवढाच, की पाडायचं असेल किंवा ठरावात नोंदलेल्या भागांना हात लावायचा असेल, तर आधी विचारावं लागतं. तपशील गावोगावी वेगळे, पण सांगाडा साधारण एकच: अर्ज, पाहणी, तज्ज्ञ समितीची शिफारस, जाहीर नोटीस, हरकतींची मुदत आणि शेवटी सभागृहाचा ठराव. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात तर हा ठराव जमिनीच्या नोंदीलाच जोडतात. मालक बदलतो, ठराव घरासोबत राहतो. खिळ्याचं म्हणाल तर तो खुशाल ठोकावा. घराच्या आतला भाग ठरावात नोंदलेला नसेल, तर बऱ्याच ठिकाणी कायदा तिकडे फारसा बघतही नाही.

यातही पायऱ्या असतात, आणि माणसं फसतात ती तिथंच. यादीत नाव येणं वेगळं आणि दर्जा मिळणं वेगळं. ओंटारिओतच घर नुसतं नोंदवहीत असलं, तर पाडण्याआधी मालकानं पालिकेला 60 दिवसांची सूचना द्यायची. तेवढ्यात पालिकेनं हालचाल केली तर केली, नाहीतर रस्ता मोकळा. खरा दर्जा मिळालेल्या घरांची अवस्थासुद्धा तिथं कित्येक वर्षं फारशी वेगळी नव्हती. 1975 चा कायदा पालिकेला पाडकाम काही महिने लांबवू द्यायचा, कायमचं थांबवू द्यायचा नाही. मालकाला धीर असला की पुरे. 'नाही' म्हणायचा अधिकार पालिकांना मिळाला 2005 साली. म्हणजे तीस वर्षं त्या कायद्याच्या तोंडी 'जरा थांबा' एवढाच शब्द होता.

पाटीबद्दलही माझा असाच गैरसमज होता. मला वाटायचं, भिंतीवर गोल पाटी लागली की घर वाचलं. लंडनमध्ये थोरामोठ्यांच्या घरांवर पाट्या लावायची योजना 1866 मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी पहिली पाटी लागली, हॉलिस स्ट्रीटवर, कवी बायरनच्या जन्मघरावर. 1889 मध्ये ते घर पाडलं. पाटीसकट. लंडनच्या निळ्या पाट्यांना आजही कायद्याचं बळ नाही. पाटी सांगते, राखत नाही. हे वाचलं त्या रात्री आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे दारावरच्या नावाच्या पाटीसारखंच की. ती असली म्हणून चोर थोडाच परत जातो!"

बाकी या कायद्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट परत परत दिसते. आधी काहीतरी मोठं पडतं, मग सगळ्यांना जाग येते. अमेरिकेत चार्ल्स्टन शहरानं 1931 मध्येच एका अख्ख्या जुन्या वस्तीला नियमांचं कुंपण घातलं होतं, पण असं शहाणपण विरळा. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन उघडलं 1910 मध्ये आणि पाडायला घेतलं 1963 मध्ये. लोक रस्त्यावर उतरले, तरी ते पडलंच. शहराचा वारसा कायदा आला तो 1965 मध्ये. लंडनमध्ये फायरस्टोन कंपनीच्या कारखान्याला संरक्षण मिळणार अशी कुणकुण लागली, आणि 1980 च्या ऑगस्टमधल्या जोडसुट्टीत, सरकारी कचेऱ्या बंद असताना, त्याचा देखणा दर्शनी भाग मालकांनी पाडून टाकला. हळहळ खूप झाली, आणि त्या हळहळीतूनच दोन महायुद्धांमधल्या काळातल्या इमारतींकडे लोक गंभीरपणे बघायला लागले. या वास्तूंनी आपल्या जिवावर दुसऱ्यांना वाचवलं असं म्हणायला छान वाटतं. मला त्या सुट्टीत मजूर जमवणाऱ्या मुकादमाचं कुतूहल वाटतं. त्याला काय सांगून बोलावलं असेल?

तर, चौकट.

महत्त्व लिहायचं म्हणजे काय लिहायचं, हे मी शोधायला गेले तेव्हा या सगळ्या व्यवहाराचं मर्म हाती लागलं असं मला वाटतं. ठरावाला दोन भाग असतात. एक, हे घर का महत्त्वाचं आहे त्याचं निवेदन. दुसरा, कुठल्या गोष्टींमुळे ते तसं आहे त्यांची यादी: दर्शनी भिंत, छपराचा उतार, खिडक्यांची मांडणी, जिन्याचा कठडा, जे असेल ते. संरक्षण मिळतं ते या यादीला. कायद्याला 'घर' नावाची गोष्ट ठाऊक नाही, त्याला ही यादी ठाऊक आहे. जे लिहिलं ते राहील. जे लिहायचं राहिलं ते उद्या कुणी काढून टाकलं, तर विचारणारं कुणी नाही.

हे लक्षात आल्यावर तर पेन उचलवेचना.

मी घरभर वही घेऊन फिरले. दरवाजाची कोरीव चौकट, लिहिली. वरच्या मजल्याकडे वळत जाणारा लाकडी जिना, लिहिला. त्याची तिसरी पायरी कुरकुरते, त्यामुळे रात्री उशिरा येणारा पकडला जायचा. हे कसं लिहायचं? माजघराच्या दाराला लागून पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत, दादाच्या आणि माझ्या उंचीच्या, शेजारी बाबांच्या अक्षरात तारखा. एका वर्षी मी दादाच्या रेघेच्या वर गेले होते, तिथं त्यानं नंतर खोडरबर चालवलेलं अजून दिसतं. हा घराचा भाग, की आमचा? आणि आमचा असेल, तर गावानं तो का राखायचा?

पाहणीला समितीतर्फे एक तरुण वास्तुतज्ज्ञ मुलगी आली. कामात चोख. टेप, कॅमेरा, ओल मोजायचं यंत्र. तिनं दरवाजा बघितला, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला, छपराखालच्या तुळयांचे फोटो काढले. मग मागच्या बाजूला आली. तिथं आत्याची काचबंद पडवी आहे, साधी लोखंडी चौकटीची. सकाळी ऊन थेट आत येतं. आत्याचं वाचन, शिवण, दुपारची डुलकी सगळं तिथंच. त्या मुलीनं वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाली, "ही नंतरची भर."

"हो ना," आत्या म्हणाली. "या घरात मीसुद्धा नंतरचीच भर आहे."

मुलगी हसली, पण ओशाळलीही. चूक तिची नव्हती. आजोबांनी घर घेतलं तेव्हा आत्या नऊ वर्षांची होती. लग्न होऊन गेली आणि अडतिसाव्या वर्षी परत आली, ती कायमची. पडवीला काचा तिनं पगारातून लावल्या. मूळ घर बांधणाऱ्या माणसाचा आणि आमचा काहीही संबंध नाही. तेव्हा 'मूळ' म्हटलं तर आम्ही सगळेच भर. मग घराचा खरा दिवस कोणता धरायचा? बांधून पूर्ण झालं तो, की आम्ही राहायला आलो तो, की आत्यानं काचा लावल्या तो?

हा प्रश्न माझ्यापुरता नाही, हे पुढं वाचताना कळलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रायर्सन स्ट्रीटवर एक लाकडी घर आहे. कवी वॉल्ट व्हिटमनचा गाजलेला कवितासंग्रह 1855 मध्ये पहिल्यांदा छापला गेला तेव्हा तो तिथं राहत होता. त्या घराला वारसा दर्जा द्या म्हणून लोक मागे लागले. शहराच्या आयोगानं नकार दिला, कारण घर बाहेरून फार बदललंय, कवीच्या काळचं रूप उरलेलं नाही. दुसरीकडे लॉस एंजेलिसमधलं मेरिलिन मन्रोचं शेवटचं घर. 1962 च्या सुरुवातीला तिनं ते घेतलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथंच ती गेली. काही महिन्यांचा मुक्काम. 2023 मध्ये नव्या मालकांना ते पाडायची परवानगी मिळाली, गदारोळ झाला आणि जून 2024 मध्ये नगर परिषदेनं त्याला दर्जा देऊन टाकला. मालकांचं म्हणणं होतं, की तिच्या काळानंतर घर पुष्कळ बदललंय, तिचं म्हणावं असं त्यात काही उरलेलं नाही. म्हणजे युक्तिवाद तोच. एका घराला तो नडला, दुसऱ्यापुढे चालला नाही. मला दोन्ही निर्णयांत तर्क दिसतो आणि दोन्ही एकत्र वाचले की हसू येतं. कुठल्या आठवणीला किती माणसं हाका मारतात, यावर बरंच ठरत असावं.

याच शहरांनी मला धीरही दिला. न्यूयॉर्कमध्येच 97 ऑर्चर्ड स्ट्रीट ही भाडेकरूंची इमारत आहे, 1863 ची. दर्शनी देखणेपण बेताचंच, पण हजारो स्थलांतरित माणसं तिथं राहून गेली. 1935 मध्ये नव्या नियमांप्रमाणे सुधारणा करण्यापेक्षा मालकानं बिऱ्हाडं रिकामी केली आणि वरचे मजले बंद करून टाकले. 1988 मध्ये संग्रहालयासाठी जागा शोधणाऱ्या दोन बायकांना ते मजले सापडले, भिंतीवरच्या कागदांच्या थरांसकट. मालकाचा हात आखडता होता म्हणून इतिहास शाबूत राहिला! पुढं संग्रहालय झालं तेव्हा त्यांनी 'मूळ दिवस' निवडलाच नाही. एक बिऱ्हाड 1870 च्या दशकातलं ठेवलं, एक 1930 च्या दशकातलं, म्हणजे प्रत्येक खोलीला तिथल्या कुटुंबाचा काळ. एकाच जिन्यावरून वर जाताना साठ वर्षं ओलांडायची. आत्याला हे फार आवडलं. "मग आपल्याकडे जिना त्या बांधणाऱ्याचा, माजघर तुझ्या आजोबांचं आणि पडवी माझी," तिनं वाटणी करून टाकली.

आणि वीक्सव्हिल. ब्रुकलिनमध्येच एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी आपली जमीन घेऊन वसवलेली ही वस्ती. पुढं शहर वाढलं, चौकोनी रस्ते आले आणि वस्ती विस्मरणात गेली. 1968 मध्ये जेम्स हर्ली या इतिहास संशोधकानं एका वैमानिकाला, जोसेफ हेन्सना, बरोबर घेऊन विमानातून शोध घेतला. खाली चार घरं दिसली. ती आजच्या रस्त्यांशी काटकोनात नव्हती. केव्हाच बुजलेल्या एका जुन्या वाटेच्या कडेनं तिरकी उभी होती. त्या तिरकेपणामुळेच ती ओळखू आली. 1970 मध्ये त्यांना दर्जा मिळाला. ना तिथं कोणी राजा राहिला होता, ना कुठला मोठा वास्तुविशारद होता. मी वहीत नोंद केली: घराचा कोन. आमचं घरही रस्त्याला थोडं तिरकं आहे आणि आम्ही त्याला कायम बांधणाऱ्याची चूक समजत आलो. ती चूकच असेल. तरी लिहिली.

आता दादाचं उरलेलं निम्मं.

त्याचा मुद्दा असा: गावाला जुनी घरं बघायला आवडतात, पण छप्पर गळलं की भांडं ठेवायचं आम्ही. शेजारच्याला चार मजले चढवता येतात, आम्ही नुसतं कौतुक ऐकायचं. "लोकांच्या डोळ्यांच्या सुखाचा खर्च आपण का करायचा?" याला 'संस्कृती' असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यांनी बहुधा कधी ओली भिंत खरवडलेली नसते. अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर कचेऱ्यांचा मनोरा चढवायला शहरानं नकार दिला, रेल्वे कंपनी कोर्टात गेली आणि 1978 मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी हरली. बहुमतानं काय धरलं, तर कंपनीला स्थानक वापरून कमाई करता येतेच, आणि वरचे न वापरलेले बांधकामहक्क जवळच्या दुसऱ्या जागांवर नेता येतात. तेव्हा मालमत्ता हिरावून घेतली असं होत नाही. मुंबईत 1995 मध्ये वारसा नियमावली आली, तिनं वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या आणि हक्क गमावणाऱ्या मालकासाठी टीडीआरची, म्हणजे न वापरलेले बांधकामहक्क दुसरीकडे नेण्याची, वाट ठेवली, ती याच विचारातून.

पण मोबदला देऊ केला म्हणून सगळं सुटतं असंही नाही. हाँगकाँगची दोन घरं बघा. 'किंग यिन लेई' हा 1937 चा चिनी धाटणीचा बंगला. 2007 मध्ये नव्या मालकाची माणसं छपरावरची कौलं उतरवायला लागली तेव्हा सरकार धावलं, काम थांबवलं आणि शेजारची जमीन देऊन बंगला घेतला. 2008 मध्ये तो स्मारक झाला. 'हो तुंग गार्डन्स' हे 1927 चं. तिथं सरकारनं 2011 मध्ये तशीच घोषणा केली, तोडगाही तसाच पुढं केला. घर मालकांच्या स्वतःच्या कुटुंबाचं, पिढीजात. त्यांनी नाही म्हटलं. सरकारनं माघार घेतली आणि 2013 मध्ये घर पाडून झालं. ज्या घरात कुटुंबाचा जीव सगळ्यात जास्त गुंतलेला असेल असं आपण धरून चालतो, ते गेलं. विकत घेतलेलं राहिलं. यावरून काही सिद्ध होत नाही, पण मला ते दिवसभर डाचत राहिलं.

माझं मत दादाच्या जवळ सरकलंय, हे कबूल करते. ज्या गावाला घर हवंय त्यानं काहीतरी उचलायला हवं: करात सूट, दुरुस्तीला अनुदान, निदान जुनं लाकूडकाम जाणणारा सुतार शोधून द्यायला मदत. नुसता ठराव करून निघून जाणारं गाव म्हणजे बारशाला येऊन नाव ठेवून जाणारा पाहुणा. कारण ठरावाला पाडणारा हात थांबवता येतो, पाऊस नाही. टोरोंटोत 'वॉलनट हॉल' नावाची घरांची ओळ होती, 1856 ची, जुन्या ब्रिटिश (जॉर्जियन) धाटणीतली शहरात उरलेली शेवटची अख्खी ओळ. महत्त्व सगळ्यांना मान्य होतं. कोणी पाडली नाही. वर्षानुवर्षं रिकामी राहिली, पाणी आत शिरत गेलं. 2007 मध्ये धोकादायक झाली म्हणून उतरवली. इंग्रजीत याला दुर्लक्षानं पाडणं म्हणतात. आपल्याकडे 'पडीक' म्हणतात आणि त्यात कर्ता कोण ते कळत नाही.

शेवटी ती चौकट मी एका बैठकीत भरली. जिना, दरवाजा, छपराचा उतार, रस्त्याशी असलेला कोन. पडवी 'नंतरची भर, पण घराच्या वापराचा भाग' म्हणून. पेन्सिलीच्या रेघा लिहिल्या नाहीत. त्या गावाच्या नाहीत. त्यांना गावानं राखू नये असं मला वाटलं. त्या आमच्याकडेच राहू देत, आम्हाला जमेल तितके दिवस. आत्यानं वाचून कागद परत दिला. "बरं लिहिलंयस," एवढंच म्हणाली, आणि एका ठिकाणी माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं.

समितीनं शिफारस केली. गेल्या महिन्यात फाटकावर नोटीस लागली, हरकतीला तीस दिवस. सहमालक म्हणून दादालाही ती पाठवली गेली. त्यानं हरकत घेतली असती तर मला राग आला नसता, खरंच. पंचविसाव्या दिवशी तो न कळवता आला. आल्या आल्या बॅग ओटीवर टाकून वरच्या खोलीत गेला. वायव्येच्या कोपऱ्यात छताला ओलीचा डाग पडलाय, तो पाहणीच्या अहवालात फोटोसकट छापलेला आहे. बराच वेळ मान वर करून उभा होता. खाली येताना तिसरी पायरी कुरकुरली.

"हे छप्पर दुरुस्त करायला परवानगी लागते का?" त्यानं विचारलं.

"नाही. जसं होतं तसंच करायचं असेल तर नाही लागत."

"बरं," तो म्हणाला, आणि आत्याकडे वळला. "शिडी कुठं ठेवलीस?"